प्रेषणदोष (संगणक-जाळ्यांतील)

संगणक-जाळ्यातील दुव्यावरून जाताना बिट बदलणे किंवा आख्खे पॅकेट गहाळ होणे. दुव्याची कागदावरची गती आणि प्रत्यक्ष हाती पडणारी गती यांतली तफावत पुष्कळदा यातून येते.

ईथरनेटमध्ये प्रत्येक फ्रेमच्या शेवटी सीआरसी ही ३२ बिटांची पडताळणी-संख्या असते. घेणारे यंत्र ती स्वतः काढून ताडून पाहते. जुळली नाही तर फ्रेम टाकून देते आणि पोर्टच्या नोंदीतला आकडा एकाने वाढवते. पाठवणाऱ्याला मात्र काही कळवत नाही. हरवलेले पुन्हा पाठवण्याचे काम वरच्या थरातल्या टीसीपीकडे येते, आणि खरी मेख इथेच आहे. पॅकेट हरवले की पारंपरिक टीसीपी ते गर्दीचे लक्षण मानून वेग निम्म्यावर आणतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जेमतेम ४०० यार्डांवरचे बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात मांडलेल्या उपायांतून हे वळण पडले. गर्दीवर उपाय नामी, पण पॅकेट गर्दीत गेले की खराब केबलने खाल्ले, हे त्याला ओळखता येत नाही.

म्हणून किरकोळ गळतीही महागात पडते. पॅकेटमधला मजकूर १,४६० बाइटांचा, जाऊन येण्याचा काळ १०० मिलिसेकंद आणि गळती दहा हजारांत एक धरली, तर अशा टीसीपीचे एक कनेक्शन सेकंदाला सुमारे १४ मेगाबिटांवर अडते. मग लाइन एक गिगाबिटची का असेना. क्यूबिक, बीबीआर या नंतरच्या पद्धतींत ही पकड कमी-अधिक सैल झाली आहे.

सर्वांत फसवा प्रकार डुप्लेक्सच्या, म्हणजे दोन्ही दिशांनी एकाच वेळी (फुल) की आळीपाळीने (हाफ) पाठवायचे या ठरवणुकीच्या, विसंगतीचा. १०० मेगाबिटच्या दुव्यावर एका टोकाला फुल डुप्लेक्स हाताने पक्के केले आणि दुसरे टोक ऑटोवर राहिले, तर ऑटोचे टोक हाफ डुप्लेक्सवर उतरते. पिंग ठीक चालते, मोठी फाइल मात्र रखडते. हाफच्या टोकाला ‘लेट कोलिजन’ वाढतात, तर फुलच्या टोकाला सीआरसीच्या चुका. दोन्ही टोकांचे डुप्लेक्स जुळत असूनही सीआरसीच्या चुका वाढत असतील, तर संशय आधी केबल आणि नीट क्रिम्प न झालेल्या प्लगवर घ्यावा. जास्त गतीचा प्लॅन घेऊन हा दोष जात नाही. आकडे वाचण्यापूर्वी ते शून्यावर आणावेत आणि भार असताना पुन्हा पाहावेत: न वाढणारा जुना आकडा आजच्या दोषाचा पुरावा नव्हे.