हिंजवडी, शुक्रवार, सकाळी ९:३९

हिंजवडीला पुणेकर पुण्यात धरतात, पिंपरी-चिंचवडकर आपल्यात धरतात. सातबाऱ्यावर मात्र तालुका मुळशी आणि तहसील कचेरी पौडला. ताम्हिणीचा पाऊस आणि राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या काचेच्या इमारती एकाच तालुक्यात येतात, हे तिथे रोज कामाला जाणाऱ्या पुष्कळांच्या गावीही नसतं.

शुक्रवारी, १९ जुलै २०२४ ला जगभरातली विंडोजची सुमारे ८५ लाख मशीनं आडवी झाली. आकडा मायक्रोसॉफ्टचा. कारण होतं एक फाईल. मशीनने ती वाचायला घेतली आणि तिथेच मान टाकली. "फाईल उघडताना कॉम्प्युटर हँग होतो" ही कुठल्याही हेल्पडेस्कची रोजची तक्रार. त्या शुक्रवारी मात्र ती सिडनीपासून सिएटलपर्यंत एकदमच आली. खालच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत, आणि भारतीय वेळेला या प्रकरणात फार महत्त्व आहे.

पावणेपाच महिने आधी

फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या 'फाल्कन' सेन्सरची ७.११ ही आवृत्ती बाजारात आणली. फाल्कन म्हणजे कंपन्यांच्या मशीनवर बसणारा पहारेकरी. घरच्या लॅपटॉपवर तो सहसा नसतो. बँका, विमान कंपन्या, इस्पितळं, आयटी कंपन्या यांच्याकडे असतो. तो बसतो तोही विंडोजच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात. मशीन चालू होताना फार लवकर जागा होतो, म्हणजे चोराच्या आधी हजर. एक्सेल अडकलं तर फक्त एक्सेल बंद पडतं. कर्नलमध्ये बसलेला अडखळला तर विंडोज अख्खं मशीनच थांबवतं, कारण अशा वेळी पुढे चालू राहणं जास्त धोक्याचं.

७.११ मध्ये एक नवी सोय होती. विंडोजवरचे प्रोग्राम एकमेकांना निरोप देण्यासाठी ज्या 'नेम्ड पाइप' वापरतात, त्यांचा गैरवापर पकडण्याची. त्यासाठीच्या नियमांचा साचा २१ रकान्यांचा ठरला. सेन्सरमधला कोड मात्र प्रत्यक्षात २० च रकाने पुरवत होता. मार्चमध्ये चाचणी झाली, एप्रिलमध्ये या साच्यातले आणखी तीन नियम गेले, सगळं सुरळीत. कारण तोवरच्या प्रत्येक नियमात एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असंच लिहिलेलं होतं. जो रकाना कुणी तपासतच नाही, तो जागेवर नाही हे कळणार कसं?

सव्वासहा तास आधी, पहाटे ३:२६

या वेळेला एक वेगळंच दुखणं सुरू झालं, आणि पुढचा निम्मा गोंधळ त्याने घातला. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडच्या, अमेरिकेच्या मध्य भागातल्या केंद्रात एक बदल चुकीचा गेला. साठवणीची मशीनं आणि काम करणारी मशीनं यांच्यातला संबंध तुटला. तिकडे संध्याकाळ होती. वनड्राइव्ह, टीम्स, ऑनलाइन वर्ड-एक्सेल अशा सेवा अडखळू लागल्या, फ्रंटियर या विमान कंपनीला उड्डाणं थांबवावी लागली.

हिंजवडीत पहाटे तीनला सगळे झोपलेले नसतात. अमेरिकेतल्या ग्राहकांची कामं रात्रपाळीत चालतात. त्या पाळीच्या लोकांच्या दृष्टीने रात्र आधीच बिघडलेली होती: क्लाउडवरची फाईल उघडायला जावं तर गोल चक्र फिरत राहायचं. म्हणून सकाळी खरा दणका बसला तेव्हा अनेकांनी तो याच दुखण्याच्या खाती टाकला. "मायक्रोसॉफ्ट ठप्प" हा मथळा दिवसभर टीव्हीवर फिरत राहिला तो याच सरमिसळीतून.

लक्षण एक आणि आजार निराळे, हे त्या महिन्यात मुळशीतल्या खेड्यांनाही नवं नव्हतं. लाडकी बहीण योजनेचे अर्ज १ जुलैपासून सुरू झाले होते आणि 'सर्व्हर डाऊन' हे शब्द सेतू केंद्रांबाहेरच्या रांगेतल्या बायकांच्याही तोंडी बसले होते. त्याचा क्राउडस्ट्राइकशी काडीचाही संबंध नव्हता. सरकारी कारभार ज्यावर चालतो त्या एनआयसीच्या जाळ्याला त्या शुक्रवारी धक्का लागला नाही, असं केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी नंतर सांगितलं.

पाऊण तास आधी, सकाळी ८:५५

वाकडचा पूल, भूमकर चौक, मग हिंजवडीचा शिवाजी चौक. मेट्रोच्या खांबांनी अरुंद केलेला रस्ता, जुलैचे खड्डे. इथे अडकलेल्या माणसाच्या पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये बंद लॅपटॉप. या बंद लॅपटॉपाकडे नीट लक्ष द्यावं. पुढच्या दोन तासांत त्याच्याइतकं सुरक्षित मशीन तालुक्यात दुसरं नव्हतं.

याउलट रात्रपाळीची मशीनं चालू होती. सर्व्हर तर चालू असायचेच. आणि शिस्तीची माणसं, जी साडेनऊच्या आत जागेवर बसून चहाआधी मेल उघडतात, तीही चालू होती.

सकाळी ९:३९

क्राउडस्ट्राइकने जगभरातल्या विंडोज सेन्सरांना एक छोटी फाईल पाठवली: सी-०००००२९१ या क्रमांकाने सुरू होणारी, कंपनीच्या भाषेत 'चॅनल फाईल २९१'. आत नेम्ड पाइपविषयीचे दोन नवे नियम. कंपनीच्या तपासणी-प्रोग्रामने त्यांना पास केलं होतं. पण आता प्रथमच एका नियमाला एकविसावा रकाना खरोखर तपासून हवा होता. सेन्सर विसाच्या पुढे हात घालायला गेला, तिथे त्याच्या हक्काची मेमरी नव्हती. निळी स्क्रीन.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा रात्रीचे बारा वाजून नऊ मिनिटं झाली होती. ऑस्ट्रेलियात दुपार. भारतात कचेऱ्या नुकत्या उघडत होत्या. ज्यांनी फाईल पाठवली त्यांच्या देशातली बहुतेक टेबलं रिकामी होती. भरलेली टेबलं आपल्याकडे होती.

मशीन निळं होऊन स्वतःच रीस्टार्ट व्हायचं, सेन्सर लवकर जागा व्हायचा, तीच फाईल उघडायचा, पुन्हा निळं. हे चक्र माणसाने हात लावेपर्यंत चालू.

सकाळी ९:५०

एक फोन आला तर हेल्पडेस्कवाल्याचे प्रश्न ठरलेले असतात. कुठली फाईल? किती मोठी? दुसऱ्या मशीनवर उघडते का? ॲड-इन बंद करून, कंट्रोल दाबून एक्सेल सेफ मोडमध्ये उघडून पाहिलंत का? रीस्टार्ट केलंत का? ही प्रश्नावली एका बिघडलेल्या टेबलासाठी बनलेली आहे. अख्खा मजला उठून उभा राहतो तेव्हा पहिल्या प्रश्नालाच ती कोसळते.

शिवाय तक्रारी दोन तऱ्हेच्या होत्या. काहींची मशीनं निळी. काहींचे लॅपटॉप ठणठणीत, पण शेअर ड्राइव्हवरच्या फायली उघडेनात, लॉगिन होईना, कारण पलीकडचा सर्व्हर आडवा. दुसऱ्या तऱ्हेवाल्याला आपण सुटलो असं वाटतं; हेल्पडेस्कला ते आणखी एक कोडं वाटतं. खरा पुरावा निळ्या स्क्रीनच्या खालच्या बारीक ओळीत होता: बिघाड कशात, तर 'सीएसएजंट डॉट सिस'. सीएस म्हणजे क्राउडस्ट्राइक. पण ती ओळ सावकाश वाचतो कोण? मशीन रीस्टार्ट होण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून घेणं, हेच त्या सकाळी खरं निदान होतं.

सावध माणसांना यात सगळ्यात जास्त चीड आली असेल. बऱ्याच कंपन्यांचा नियम असतो की सेन्सरची ताजी आवृत्ती लगेच घ्यायची नाही, एक पायरी मागे राहायचं. इतरांच्या मशीनवर काय होतं ते बघू. तो नियम सेन्सरच्या आवृत्तीला लागू होता. चॅनल फाइलींना नव्हता. त्या सगळ्यांना एकदमच जायच्या, टप्प्याटप्प्याने नाही, आणि थांबवण्याचं बटण ग्राहकाच्या हातात नव्हतं. सावधगिरीने पुढचं दार लावून घेतलं होतं, माल मागच्या दाराने आला.

सकाळी १०:५७

क्राउडस्ट्राइकने फाईल मागे घेऊन चांगली पाठवली. मधली मिनिटं ७८.

या मिनिटांत जे मशीन चालू आणि इंटरनेटवर होतं, तेच गाठलं गेलं. अकरानंतर झाकण उघडणाऱ्याला थेट दुरुस्त फाईल मिळाली. म्हणजे भूमकर चौकात तासभर सडलेला, मग टपरीवर चहा घेऊन सव्वाअकराला जागेवर पोचलेला माणूस वाचला. वेळेवर आलेला सापडला. हिंजवडीच्या ट्रॅफिकने कुणाचं भलं केल्याचा दुसरा दाखला मला ठाऊक नाही.

सापडलेल्यांना मात्र फाईल मागे घेतल्याचा उपयोग नव्हता. चांगली फाईल उतरवून घ्यायला मशीन काही क्षण तरी शुद्धीवर हवं, आणि ते तर चालू होता होताच कोसळत होतं.

सकाळी अकरानंतर

उपाय कळला, आणि तो इतका साधा होता की राग यावा. मशीन सेफ मोडमध्ये चालू करा. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम ३२, ड्रायव्हर्स, क्राउडस्ट्राइक या फोल्डरात जा. २९१ वाली फाईल उडवा. रीस्टार्ट. सरावलेल्या हाताला काही मिनिटांचं काम.

पण हात प्रत्येक मशीनला लागायला हवा. दूर बसून हजार लॅपटॉपांना एक आज्ञा देण्याची सगळी हत्यारं मशीन चालू असलं तरच चालतात. बिघाड घाऊक आला होता, दुरुस्ती किरकोळीत करायची होती. या प्रकरणाचा सगळा जाच मला तरी या एका गोष्टीत दिसतो. २० आणि २१ ची चूक त्यापुढे क्षुल्लक. अशा चुका होतात. चूक एकाच झटक्यात सगळीकडे जाते तेव्हा तिची आपत्ती होते.

दुसरा इलाज होता रीस्टार्ट करत राहणं. हा विनोद नाही. अझूरवरच्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने सांगितलं की काही ग्राहकांना पंधरापर्यंत रीस्टार्ट करावे लागले. कोसळण्याआधी नेटवर्क जागं झालं तर नवी फाईल निसटती उतरायची. हेल्पडेस्कच्या ज्या उत्तराची आपण वर्षानुवर्षं टिंगल केली, ते त्या दिवशी अधिकृत ठरलं.

दुपार

मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबादच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले जाऊ लागले. इंडिगोने १९० हून जास्त फेऱ्या रद्द केल्या. पुण्यात लोहगावचं नवं टर्मिनल सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता आणि तिथेही खोळंबा. त्या वेळचे नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ हे मूळचे मुळशी तालुक्यातल्या मुठ्याचे, हा योगायोग. शेअर बाजार चालू राहिले. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला.

सव्वातीनच्या सुमारास क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ यांनी समाजमाध्यमावर लिहिलं की हा सायबर हल्ला नाही, बिघाड सापडला आहे. ही गोष्ट जगाला सकाळीच हवी होती. पहिल्या निवेदनात माफीही नव्हती. ती नंतर टीव्हीवर मागितली. हेच कुर्ट्झ २०१० मध्ये मॅकॅफी कंपनीचे तंत्रप्रमुख होते, तेव्हा एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक फाईल विषाणू समजून काढून टाकली होती. परिणाम साधारण हाच.

संध्याकाळ

खरी लांबण लागली ती घरून काम करणाऱ्यांची. शुक्रवारी भूगाव, पिरंगुट, पौडला घरी बसलेल्या माणसाच्या लॅपटॉपला हात लावायला हेल्पडेस्कवाला येणार कसा? मग फोन. त्यात कंपनीच्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. असं मशीन दुरुस्तीला उघडायचं तर बहुधा ४८ आकडी किल्ली मागतं, प्रत्येक मशीनची निराळी. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकाने वाचायचे, दुसऱ्याने टाइप करायचे, एक चुकला की पुन्हा. काही ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तोही निळा होऊन पडलेला. आधी तो उठवा, मग किल्ल्या काढा.

शनिवार-रविवारकडे मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हवरून चालणारं साधन दिलं. यूएसबी पोर्ट बंद ठेवण्याचा दंडक घालून बसलेल्या कंपन्यांना आधी आपलाच दंडक मोडावा लागला. तोवर भामटेही जागे झाले होते: 'क्राउडस्ट्राइक-हॉटफिक्स' नावाची एक झिप फाईल फिरू लागली, आत मालवेअर.

शनिवार, पहाटे ३

विमानतळांवरच्या यंत्रणा सुरळीत चालू लागल्याचं केंद्रीय मंत्री राममोहन नायडू यांनी सांगितलं तेव्हा त्यांनी हीच वेळ दिली. कचेऱ्यांमधल्या टेबलांना इतक्या लवकर सुटका नव्हती. २५ जुलैला कुर्ट्झ म्हणाले की विंडोजवरचे ९७ टक्के सेन्सर पुन्हा चालू झाले. ८५ लाखांच्या हिशेबाने उरलेले तीन टक्के म्हणजे अडीच लाख मशीनं, सहा दिवसांनंतरही कुणाच्या तरी हाताची वाट पाहणारी.

६ ऑगस्टला कंपनीने मूळ कारणांचा अहवाल काढला. त्यातल्या सुधारणांत चॅनल फाइली यापुढे टप्प्याटप्प्याने जातील आणि कुठे कधी जायच्या यावर ग्राहकाचा ताबा असेल, असं कलम आहे. पुरवलेल्या रकान्यांची संख्या आणि साच्यातली संख्या जुळते का, हे पाहणारी तपासणी २७ जुलैला बसवली, अशीही नोंद आहे.