कीटकाला धक्का न लावता



संग्रहालयात टाचणीला टोचून ठेवलेला कीटक हा केवळ मृत देह नव्हे. ज्या नमुन्याच्या आधाराने एखाद्या जातीला नाव मिळते, तो प्ररूप नमुना त्या नावाचा कायमचा साक्षीदार असतो. पुढे मतभेद झाला की निवाड्यासाठी त्याच्याकडेच यावे लागते. त्याचा नाश हा मूळ दस्तऐवजाचाच नाश होय.

1984 मध्ये झेब्र्याच्या जवळच्या, नामशेष झालेल्या क्वागाच्या जुन्या कातड्यातून डीएनए मिळविण्यात आला. त्याच दशकात पीसीआर तंत्रामुळे अत्यल्प डीएनएच्या असंख्य प्रती काढणे शक्य झाले आणि जुन्या संग्रहांना नवे मोल आले. परंतु कीटक पडला लहान. डीएनए हवा तर तो सबंध कुटावा लागे, निदान त्याचा एखादा पाय तरी तोडावा लागे.

1995 मध्ये फिलिप्स व सायमन यांनी संधिपाद प्राण्यांचा नमुना न नासविता डीएनए काढण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. 2007 मध्ये गिल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयातील वाळलेल्या भुंगेऱ्यांवर असाच प्रयोग केला. त्यांतील सर्वांत जुना नमुना 1820 च्या सुमाराचा होता. अखंड भुंगेरा 'प्रोटिनेज के' या विकराच्या द्रावणात 55 अंश सेल्सिअस तापमानाला रात्रभर ठेवीत. विकर आतील प्रथिने तोडतो व डीएनए द्रावणात उतरतो. कायटिनचे कवच मात्र शाबूत राहते. मग नमुना अल्कोहोलमधून काढून, वाळवून पुन्हा पेटीत ठेवता येतो. आतील मऊ ऊतींची हानी होते, हे मात्र विसरता कामा नये.

या जपणुकीचा संबंध शेतीशीही पोहोचतो. पिकांवरील मावा फस्त करणाऱ्या हिरव्या क्रायसोपाच्या अनेक जाती दिसायला सारख्याच असतात. त्यांचे वेगळेपण मीलनापूर्वीच्या कंपनगीतांवरून कळते. स्टीफन्स यांनी एकोणिसाव्या शतकात 'कार्निया' हे नाव दिले ती यांपैकी नेमकी कोणती, हा वाद दीर्घकाळ चालला. मृत कीटक गाणार कसा? अखेर 2015 मध्ये सुमारे 180 वर्षांपूर्वीच्या प्ररूप नमुन्यातील डीएनएने तो प्रश्न सोडविला. भारतीय पिकांवरील महत्त्वाची क्रायसोपा ही 'कार्निया' नसून निराळी जात असल्याचे 2010 मध्येच दाखविण्यात आले होते.

स्टीफन्स यांच्या काळी डीएनए हा शब्दही नव्हता. तरीही नमुना जपला गेला, म्हणून उत्तर मिळाले. आपल्या हाती आलेला पुरावा पुढील पिढीच्या प्रश्नांसाठी शिल्लक ठेवणे, हेही संशोधकाचे कर्तव्यच आहे.