‘रँडमाइज यूएसआर ०’ : एका पुनरारंभ-वाक्याचा इतिहास

इ. स. १९८८ मध्ये पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या संस्थेने ब्रिटनमधील ‘स्पेक्ट्रम प्लस’ हा गृहसंगणक परवान्याने भारतीय बाजारात आणला. घरातील दूरचित्रवाणी संच हाच त्याचा पडदा आणि साधा कॅसेट-रेकॉर्डर हेच त्याचे कोठार. जळगाव व धुळे हे दोन्ही जिल्हे तेव्हा उच्च शिक्षणाच्या दृष्टीने पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होते. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १९९० सालची. मराठी मुलखात तयार मिळू शकणारा गृहसंगणक म्हणून या यंत्राचा विचार व्हावयास हवा. परंतु त्याच्या खेळांविषयी जेवढे लिहिले जाते, त्याच्या एक शतांशही त्याच्या लहानात लहान उपयुक्त आज्ञावलीविषयी लिहिले जात नाही. ही आज्ञावली एका ओळीची आहे, विनामूल्य आहे, आणि तिचा कर्ता म्हणून कोणाचेही नाव घेतले जात नाही. यंत्र पुन्हा मुळापासून सुरू करणे एवढेच तिचे कार्य.

या आज्ञेची गरज का पडली हे प्रथम पाहिले पाहिजे. सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूळ स्पेक्ट्रमला विजेचे बटणही नव्हते व पुनरारंभाचेही नव्हते. आज्ञावली अडकून पडली की पाठीमागची वीजजोडणी उपसून पुन्हा खुपसणे एवढाच मार्ग उरे, आणि त्या धसमुसळेपणाने ती जोडणी ढिली होई. १९८४ च्या ‘प्लस’ आवृत्तीत डाव्या कडेला एक बटण बसविण्यात आले. तथापि बटण दाबण्यास हात लागतो. आज्ञावलीने आपले काम संपवून स्वतःच यंत्र मोकळे करावे, अशी सोय बटणाने होत नाही.

बेसिक भाषेत ‘न्यू’ ही आज्ञा होतीच. मग दुसरीचे प्रयोजन काय? ‘न्यू’ सर्व काही पुसत नाही, हे याचे उत्तर. स्मृतीच्या वरच्या टोकाला ‘रॅमटॉप’ नावाची एक सीमारेषा असते; ‘न्यू’ त्या रेषेपर्यंतच पुसते. रेषेच्या वर वापरकर्त्याला स्वतः घडविता येण्याजोगी २१ अक्षरचिन्हे राहतात, प्रत्येक चिन्ह आठ गुणिले आठ ठिपक्यांचे. मराठी वाचकाच्या दृष्टीने ही जागा सर्वांत महत्त्वाची, कारण या यंत्रावर देवनागरी उमटवावयाची तर सर्वांत सोपा मार्ग याच २१ घरांतून जातो. देवनागरीची व्यंजनेच तीसहून अधिक, त्यांत स्वर, मात्रा आणि जोडाक्षरे वेगळी. तेव्हा ही घरे किती तोकडी होती हे सांगणे नको. तरीही कोणी त्यांत काही अक्षरे बसविली असतील तर ‘न्यू’नंतर ती शाबूत राहत. ‘रँडमाइज यूएसआर ०’नंतर मात्र ती नाहीशी होत आणि त्यांच्या जागी रोमन ‘ए’ ते ‘यू’ या अक्षरांच्या प्रती आपोआप येऊन बसत. पुनरारंभ म्हणजे यंत्राने आपल्या जन्मलिपीकडे परतणे, हा अर्थ येथे अगदी शब्दशः घ्यावयाचा आहे.

हे घडते कसे ते यंत्राच्या १६ किलोबाइटच्या रॉममध्ये, म्हणजे कायम कोरलेल्या स्मृतीत, वाचावयास मिळते. तिचा पत्ता ० पासून सुरू होतो आणि पहिल्या आठ बाइटांत चारच सूचना आहेत : व्यत्यय बंद करा, एका खणात शून्य घाला, दुसऱ्या खणात स्मृतीचा शेवटचा पत्ता ६५५३५ घाला, पत्ता ४५५५ वर जा. ‘न्यू’ आज्ञाही शेवटी याच ४५५५ पत्त्यावर येते, मात्र पहिल्या खणात शून्याऐवजी २५५ आणि दुसऱ्यात ‘रॅमटॉप’ची सीमा घेऊन. संपूर्ण विस्मरण आणि अर्धे विस्मरण यांतील भेद तेवढ्या दोन खणांत सामावलेला आहे. तेथून पुढे यंत्र स्मृतीच्या प्रत्येक घरात २ हा अंक भरत खाली उतरते, नंतर वर चढत प्रत्येक घरातून दोनदा १ वजा करते. पहिल्या वजाबाकीत शून्य येता कामा नये, दुसऱ्या वजाबाकीत आलेच पाहिजे. ज्या घरी ही कसोटी फसते तेथे स्मृती संपली असे यंत्र मानते. १६ आणि ४८ किलोबाइटच्या दोन्ही नमुन्यांना एकच रॉम चालला तो यामुळे.

आता वाक्यरचनेकडे. ‘यूएसआर’ हे बेसिकमधील क्रियापद नव्हे. ते फलन आहे : दिलेल्या पत्त्यावरील यंत्रभाषेतील सूचना चालवून ते एक संख्या परत आणते. फलन एकटे वाक्य होऊ शकत नाही. त्याला वाहून नेणारे क्रियापद लागते. ‘प्रिंट’ घेतले तरी चालते, पण परत आलेली संख्या पडद्यावर उमटून मांडणी बिघडते. म्हणून यादृच्छिक संख्यांचे बीज ठरविणारे ‘रँडमाइज’ हे निरुपद्रवी क्रियापद रूढ झाले. मराठीत ‘स्नान करणे’, ‘विचार करणे’ यांत अर्थ नामात असतो आणि ‘करणे’ केवळ काळ व पुरुष वाहते, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की शून्य पत्त्यावरून संख्या कधीच परत येत नाही, त्यामुळे ‘रँडमाइज’ची क्रिया कधीच घडत नाही. व्याकरणाच्या समाधानासाठी लिहिलेले आणि अर्थाने सर्वथा रिकामे असे हे क्रियापद होय. यंत्रभाषेत त्याचीही गरज नाही. तेथे १९९ हा एकच बाइट पुनरारंभास पुरतो.

रॉमच्या याच भागात एक पाठदोष आहे. बाहेरून तातडीचा विद्युत्-संकेत आला असता वापरकर्त्याने नेमून दिलेल्या पत्त्यावर जावे, पत्ता नेमलेला नसेल तर निमूट परतावे, असा हेतू दिसतो. परंतु अट उलटी लिहिली गेली : पत्ता नेमलेला असेल तर यंत्र परतते, आणि नेमलेला नसेल, म्हणजे शून्य असेल, तर त्या शून्यावरच जाते. परिणामी केवळ या रॉमच्या आधारे तो संकेत पुनरारंभाखेरीज दुसऱ्या कामी येऊ शकला नाही. स्पेक्ट्रम प्लसमध्येही हाच पाठ कायम राहिला. पोथ्यांचे वंशवृक्ष लावणाऱ्यांना समान प्रमादाचे मोल वेगळे सांगावयास नको. यंत्रांच्या वंशावळीतही तो तसाच उपयोगी पडतो.

इयन लोगन आणि फ्रँक ओ’हारा यांनी हा सारा रॉम उलगडून १९८३ मध्ये ग्रंथरूपाने छापला. पुढे, सिंक्लेअरचे हक्क १९८६ मध्ये विकत घेतलेल्या ॲमस्ट्रॅड कंपनीने १९९९ साली स्वामित्वाची नोंद अबाधित ठेवून त्याच्या प्रती वाटण्यास मुभा दिली. तेव्हा रॉम हरवण्याचे भय नाही. भय आहे ते कॅसेटींचे. प्रत्येक पुनरारंभ रॅममधील मजकूर कायमचा पुसतो. उरते ते फक्त फितीवर उतरवून ठेवलेले. खानदेशात या गोष्टीला वेगळे वजन आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घरोघर हिंडून दप्तरे मिळविली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाल्यावर १९२७ मध्ये तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या दप्तरांचा कागद शतके टिकला होता. चुंबकीय फितीला तेवढे आयुष्य नाही.

जळगाव-धुळ्याच्या एखाद्या माळ्यावर असे यंत्र किंवा हाताने नावे लिहिलेल्या कॅसेटी आढळल्या, तर यंत्र चालू करून पाहण्याचा मोह आवरावा आणि आधी कॅसेटी उतरवून घ्याव्यात. ४८ किलोबाइटचा संपूर्ण मजकूर सुमारे पाच मिनिटांच्या आवाजात मावतो. तो नोंदविण्यास मूळ संगणक लागत नाही; चांगल्या स्थितीतील टेपरेकॉर्डर आणि आजचा कोणताही संगणक पुरे. कॅसेटीच्या वेष्टनावरील हस्ताक्षराची प्रतिमाही सोबत घ्यावी. आज्ञावली कोणी, केव्हा आणि कोणासाठी उतरविली याचा पुरावा बहुधा तेवढाच असतो.