लग्न कोणाचे लागते? एका मराठी शब्दाची कुळकथा

पूर्व दिल्लीतील मयूर विहारच्या सहकारी सोसायट्यांमध्ये एकाच जिन्यावर एकाच संस्काराचे अनेक शब्द नांदतात: पंजाबी घरात 'व्याह', बंगाली घरात 'बिये', हिंदी भाषकांकडे 'शादी', मल्याळी शेजाऱ्यांकडे 'कल्याणम्' आणि मराठी घरात 'लग्न'. यांपैकी 'व्याह' आणि 'बिये' ही संस्कृत 'विवाह' शब्दाचीच झिजलेली रूपे आहेत, 'शादी' हा आनंद या अर्थाचा फारसी शब्द आहे आणि 'कल्याणम्' म्हणजे मंगल. 'लग्न' मात्र आकाश मोजणाऱ्यांच्या पोथीतून आलेला आहे. त्याला विवाहाचे सर्वसाधारण नाव म्हणून स्वीकारणाऱ्या भाषांत मराठीबरोबर गुजराती व कोंकणी या प्रमुख आहेत. विवाह या संकल्पनेतच स्त्री व पुरुष अशी भिन्नलिंगी जोडी गृहीत आहे, अशी भूमिका केंद्र सरकारने 2023 मध्ये समलिंगी विवाहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात मांडली, तेव्हा या शब्दाच्या कुळाची चौकशी करणे मराठी भाषकांना तरी अगत्याचे झाले.

विवाहवाचक जुने संस्कृत शब्द पाहिले तर त्या सर्वांत कर्ता एकच दिसतो. 'विवाह' आणि 'उद्वाह' यांत 'वह्' म्हणजे वाहून नेणे हा धातू आहे, 'परिणय' म्हणजे अग्नीभोवती फिरवून नेणे आणि 'पाणिग्रहण' म्हणजे हात धरणे. नेणारा व धरणारा वर आहे, आणि वधू ही त्या क्रियेचे कर्म आहे. 'लग्न' या शब्दात असा नेणारा कोणी नाही. 'लग्' म्हणजे चिकटणे, लागणे. त्याचे भूतकालवाचक धातुसाधित ते 'लग्न', म्हणजे लागलेले, जोडलेले.

येथे वादाचा मुद्दा उभा राहतो. एका मताप्रमाणे दोन माणसे एकमेकांना लागली, म्हणून ते लग्न. हे स्पष्टीकरण सरळ आहे आणि म्हणूनच लोकप्रिय आहे. दुसऱ्या मताप्रमाणे येथे लागणारी वस्तू माणूस नसून राशी आहे. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला ज्या क्षणी जी राशी लागलेली असते तिला लग्न म्हणतात. बारा राशी एका अहोरात्रात उगवून जात असल्याने सुमारे दोन तासांनी लग्न बदलते, आणि शुभ लग्न साधून केलेल्या विधीला पुढे त्या क्षणाचेच नाव मिळाले. हे दुसरे मत अधिक ग्राह्य धरावे लागते, कारण मराठी वाक्प्रचारच त्याची साक्ष देतात. 'लग्न बाराला लागले', 'लग्नघटिका जवळ आली', 'लग्न लावले' या प्रयोगांत वेळ ही मुख्य आहे. अंतरपाट दूर होऊन अक्षता पडतात तो क्षण म्हणजे लग्न, आणि 'लागले' या क्रियापदाचा कर्ता तो क्षण आहे, वर नाही आणि वधूही नाही.

हा क्षण मोजण्याची विद्या मूळची येथली नव्हती, हा या कुळकथेतील सर्वांत विलक्षण दुवा होय. आश्वलायन गृह्यसूत्र विवाहासाठी उत्तरायण, शुक्ल पक्ष आणि शुभ नक्षत्र सांगते; उगवत्या राशीचे लग्न त्या अटींत नाही. राशी, होरा आणि लग्नावरून मोजायची बारा स्थाने ही ग्रीकांच्या संपर्कातून आली, आणि त्या संपर्काचा मोठा साक्षीदार असलेला 'यवनजातक' हा संस्कृत ज्योतिषग्रंथ अभ्यासक डेव्हिड पिंग्री यांनी 1978 मध्ये संपादून प्रसिद्ध केला. त्याच्या काळाविषयी आता मतभेद आहेत, पण त्यातील ग्रीक परंपरेविषयी नाहीत. 'होरा' हा ग्रीक शब्द आहे, तरी 'अहोरात्र' शब्दाची आद्य व अंत्य अक्षरे गळून तो झाला असे काहींचे मत ज्योतिषी वराहमिहिराने नोंदवले आहे, आणि परके बीज घरचे ठरवण्याची ही धडपड मोठी बोलकी आहे.

लग्नापासून सातवे स्थान हे जोडीदाराचे, आणि त्याचे संस्कृत नाव 'जामित्र'. 'जाया' म्हणजे पत्नी, तिच्याशी हा शब्द जोडण्याचा मोह कोणालाही होईल. वस्तुतः तो ग्रीक 'दियामेत्रोस' म्हणजे व्यास या शब्दाचे संस्कृत रूप आहे, कारण उगवत्या राशीच्या अगदी समोर, वर्तुळाच्या व्यासाच्या दुसऱ्या टोकाला सातवी राशी असते. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या सातव्या सर्गाच्या आरंभीच पार्वतीच्या विवाहाचा मुहूर्त सांगताना हा शब्द योजला आहे. व्यासाची दोन टोके परस्परविरुद्ध असतात, म्हणून जोडीदारही भिन्नलिंगी हवा, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु हा विरोध दिशेचा आहे, आणि पत्रिका पुरुषाची असो वा स्त्रीची, सातवे स्थान ज्याच्या त्याच्या लग्नापासूनच मोजले जाते. ज्या समाजाने हा शब्द रुळवला त्याच्या मनात स्त्री-पुरुषच होते, हे मान्य करावेच लागते. तथापि शब्दार्थाचा आधार घेऊन कोणाला दाराबाहेर ठेवायचे असेल, तर मराठी शब्द तो आधार देत नाही.

कायद्याची कुळी यापेक्षा लहान आहे. 1872 च्या तिसऱ्या अधिनियमाने नोंदणी विवाह आला, पण त्यासाठी प्रचलित धर्म मानत नसल्याचे सांगावे लागे. 1923 च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांची ती अट सुटली. आणि 1954 च्या विशेष विवाह अधिनियमाने कोणत्याही धर्माच्या व्यक्तींना दार उघडले. या अधिनियमाच्या कलम 4 चा आरंभ 'कोणत्याही दोन व्यक्ती' अशा आशयाच्या शब्दांनी होतो, आणि पुढे वयाची अट सांगताना पुरुषाला 21 व स्त्रीला 18 वर्षे असा भेद केला जातो. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयातील समलिंगी विवाहाच्या त्याच, म्हणजे सुप्रियो खटल्यात विवाहाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. समलिंगी जोडप्यांच्या नागरी सहजीवनाला मान्यता देण्याच्या प्रश्नावर मात्र तीन विरुद्ध दोन असे मत पडले, आणि मराठी असलेले तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड अल्पमतात राहिले. पुनर्विचार याचिका 9 जानेवारी 2025 रोजी फेटाळल्या गेल्या. यवतमाळात मात्र 2017 च्या डिसेंबरअखेर, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम 377 अजून पूर्णपणे लागू असताना, दोन पुरुषांचा विवाहसोहळा झाला होता. समाज कायद्यासाठी नेहमीच थांबतो असे नाही.

विशेष विवाह अधिनियमानुसार विवाह अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमोर प्रत्येक पक्षाने एक वाक्य उच्चारायचे असते: मी अमुक, तुझा कायदेशीर पत्नी (किंवा पती) म्हणून स्वीकार करतो. हे वाक्य त्या दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत म्हणता येते, म्हणजे मयूर विहारच्या मराठी जोडप्याला ते मराठीत म्हणता येते. दोन स्त्रियांनी किंवा दोन पुरुषांनी ते म्हणावे यासाठी त्यातील एकही शब्द नवा घालावा लागत नाही. बदलायची आहे ती कलम 4 मधील वयाची अट, निषिद्ध नात्यांच्या याद्या आणि वर-वधूंच्या घोषणापत्रांचे नमुने. ती दुरुस्ती संसदेने करावी.