फाल्गुनातली नालवाडी: रान, नदी आणि वाडी

फाल्गुन लागला की वर्ध्याकडच्या गावांत कामाची चाल बदलते. कापसाचा शेवटचा वेचा घरी आलेला असतो, तूर-हरभऱ्याची मळणी आटोपलेली असते, गहू पिवळा पडत आलेला असतो. पळस फुलतो, मोह फुलायच्या बेतात असतो. पोरे होळीसाठी शेणाच्या चाकोल्या थापून वाळत घालतात. गव्हाची कापणी सोडली तर शेतातले मोठे काम आता पावसाळ्यापर्यंत नाही. अशा दिवसांत गावातले कोणी रानात जायचे, कोणी नदीला, कोणी वाडीत.

शिकार, मासेमारी आणि बागकाम. एखाद्या साहेबाच्या कुटुंबात ही तिन्ही कामे दोन दिवसांच्या सुट्टीत हौसेने झाली असती. वर्ध्याच्या परिसरात मात्र त्यांवर जातींची नावे कोरलेली होती. रान पारध्याचे, नदी धिवर-भोयाची, मळा माळ्याचा. एकाने दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, आणि आपल्या वाट्याचे सोडायचेही नाही. म्हणूनच नालवाडीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. शहरालगतच्या या लहान गावात ही वाटणी मोडून पाहण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न झाला.

आधी रानाकडे पाहू. फासेपारधी बंदूक वापरत नसे. त्याचे हत्यार म्हणजे बारीक, चिवट दोरीचा फास. तितर-लावे किंवा हरणे चरतात त्या वाटेवर फासांची रांग लावायची आणि शिकवलेल्या गाईबैलाच्या आडोशाने, चरत चरत चालल्यासारखे, सावज हळूहळू तिकडे वळवायचे. पाखरांची शीळ हुबेहूब काढणे, माती वाचणे, वाऱ्याची दिशा ओळखणे ही विद्या बापाकडून मुलाला मिळत असे. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर लिहिलेल्या १९१६ च्या चार खंडांत पारध्यांचा आणि धीमरांचा, म्हणजे धिवरांचा, तपशील आला आहे. पण त्या पुस्तकांआधीच, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला होता आणि पारध्यांमधल्या काही गटांवर जन्मजात गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला होता. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती आणखी कडक केली. वन्यजीवांसाठी ते आवश्यकच होते. मात्र ज्याची सगळी विद्या रानात होती, त्याच्या हाताला दुसरे काम देण्याची तेवढी घाई कोणी केली नाही.

नदीचे तसे नव्हते. नदी धिवराला दोन्ही हातांनी द्यायची, मासा आणि फळ. वर्ध्याजवळून धाम नदी वाहते आणि पवनारला खडकांतून वळण घेते. हिवाळा सरता सरता पाणी उतरते, डोह उरतात. मरळ, वाम, झिंगे याच डोहांत मिळतात. आणि उघड्या पडलेल्या रेतीत, विदर्भातल्या कितीतरी नद्यांच्या पात्रात, डांगरवाडी उभी राहते. डांगर म्हणजे खरबूज. सोबत टरबूज, काकडी, वाळूक, कारली, दुधी.

डांगरवाडी सोपी नसते. दिवाळीनंतर रेतीत ओल लागेपर्यंत चर खणायचे. त्यात कुजलेले शेणखत घालायचे, बी टोचायचे. गार वाऱ्यापासून कोवळे वेल सांभाळायला गवताचा किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा करायचा. रोप मूळ धरीपर्यंत घागरीने पाणी घालायचे. पुढे वेल स्वतःच खालची ओल शोधतो. फाल्गुनात फळ धरले की आख्खे घर रेतीवर राहायला येते. चार बांबूंची खोपी, तीन दगडांची चूल. म्हातारी वेलांवर नजर ठेवते, पोरे कोल्हे हाकतात, बाप पहाटे जाळे टाकून येतो, आई टोपल्या भरून बाजाराला निघते. मासेमारी आणि बाग एकाच कुटुंबाने, एकाच वाळूवर, एकाच ऋतूत करावी याचे इतके नेमके उदाहरण दुसरे नसेल. आणि ही बाग दरवर्षी नव्याने करावी लागते, कारण पहिला पूर तिचा मागमूस ठेवत नाही.

नालवाडी या नदीपासून फार लांब नाही. वर्धा शहर तसे नवे. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी जिल्ह्याचे ठाणे वसवले गेले. नालवाडी त्या शहरापासून दोन मैलांवर, आणि वस्ती मुख्यतः तेव्हा अस्पृश्य ठरवलेल्या समाजाची. डिसेंबर १९३२ मध्ये विनोबा भावे इथे राहायला आले. त्याच वर्षीच्या वसंतात ते धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून अशा अठरा रविवारी त्यांनी तिथे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. कैद्यांचा सुट्टीचा वार असा कारणी लागला होता. नालवाडीत आल्यावर त्यांनी बोलणे कमी केले आणि सूत कातणे वाढवले. कताईच्या मजुरीत जेवढे बसेल तेवढ्यावरच जगायचे, असा प्रयोग त्यांनी सुरू केला. कातणाऱ्या बाईला किती कमी मिळते हे कोणी अहवालात लिहिण्याऐवजी इथे एक माणूस स्वतःच्या ताटात मोजत होता. आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळावेत असा आग्रह गांधीजींनी १९३५ मध्ये धरला, तो याच काळात.

१९३४ मध्ये विनोबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले. त्यानंतर लवकरच नालवाडीत चर्मालय, म्हणजे कातडे कमावण्याचे केंद्र, उभे राहिले. ते चालवले गोपाळराव वाळुंजकरांनी.

या चर्मालयाजवळ जरा थांबायला हवे, कारण वाटणीचा सगळ्यात कठोर धागा इथेच होता. गावात ढोर मेले की ते ओढून नेणे महाराचे काम, कातडे कमावणे ढोर-चांभाराचे, आणि त्या वासावरून त्यांना दूर ठेवणे बाकीच्या गावाचे. नालवाडीत नियम केला गेला की कातडे फक्त नैसर्गिक मरण आलेल्या जनावराचे घ्यायचे. फासाविना, सुरीविना मिळालेले. पुढचे काम मात्र कुठल्याही चर्मकाराचे असते तेच. कातडे पाण्यात भिजवायचे, चुन्याच्या हौदात टाकून केस सैल करायचे, लाकडी घोडीवर पसरून आतले मांस खरवडायचे, मग बाभळीच्या साली आणि हिरडा यांच्या अर्कात ते कित्येक दिवस मुरवायचे. बाभूळ तर वर्ध्याच्या प्रत्येक बांधावर उभी. मांस आणि हाडे वाया न घालवता त्यांचे खत करावे, असा गांधीजींचा आग्रह होता. म्हणजे मेलेले जनावर शेवटी शेतात आणि वाडीतच परतायचे. लिहिणारे-वाचणारे कार्यकर्ते त्या हौदात कोपरापर्यंत हात घालत, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

पण याची दुसरी बाजू लिहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले होते. लादलेल्या कामातून बाहेर पडणे हीच ज्यांची मुक्ती, त्यांना चर्मालयाचे कौतुक कसे वाटावे? ज्याने काम निवडले त्याला त्यात प्रतिष्ठा मिळाली. ज्याच्यावर ते पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले त्याला सोडण्यातच प्रतिष्ठा होती. नालवाडीच्या मंडळींची निष्ठा खरी होती आणि महाडची मागणी त्याहून पायाभूत होती, असे आज निःसंकोच म्हणता येते.

नालवाडीलगतच्या गोपुरीत उद्योगपती आणि गांधीजींचे सहकारी जमनालाल बजाज अखेरच्या दिवसांत गोसेवेसाठी झोपडीत राहिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले.

विनोबांची प्रकृती त्याच्या काही वर्षे आधीच नालवाडीतल्या कष्टांनी खालावली होती. वजन ८८ पौंडांवर आले. हवापालटाला कुठे जायचे असा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी थंड हवेचे ठिकाण न निवडता पवनार निवडले. ७ मार्च १९३८, फाल्गुनाचा शुद्ध पक्ष. धामचा पूल ओलांडताना त्यांनी मनातली सगळी कामे आणि चिंता सोडून दिल्या. औषध कोणते, तर कुदळ. पहिल्यांदा थोडी मिनिटे खणायचे, दम लागला की थांबायचे, रोज वेळ थोडी वाढवायची. पुढच्या महिन्यांत वजन चाळीस पौंडांनी वाढले. आणि खणता खणता जमिनीतून भरत-रामाच्या भेटीचे शिल्प निघाले. पवनार म्हणजे वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर, असे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले आहे. प्रकृतीसाठी हाती घेतलेल्या कुदळीला तिथे दीड हजार वर्षांपूर्वीचा दगड लागला. १९५० मध्ये विनोबांच्या पवनारच्या आश्रमात ऋषिशेती सुरू झाली. बैल नाहीत, पैसा नाही, माणसांनीच विहीर खणायची आणि माणसांनीच रहाट फिरवायचा. पुढच्या मार्चमध्ये विनोबा इथूनच पायी तेलंगणाकडे निघाले आणि १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली.

आता नालवाडी वर्धा शहराला जोडली गेली आहे. धामवर महाकाळीला धरण आहे. विनोबांच्या प्रत्येक कुदळीची नोंद झाली, चर्मालयाचीही झाली. फासांच्या गाठी, डोहांची नावे, डांगरवाडीचे चर कसे खणायचे याची नोंद मात्र त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच आहे. तुमच्या ओळखीत असे एखादे घर असेल तर या फाल्गुनात त्यांच्याकडे जा, वही घेऊन बसा आणि ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत, लिहून घ्या.