बोटीवरचे पान

दोन वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवत होतो. पंडिता रमाबाईंच्या १८८३ सालच्या इंग्लंडप्रवासाविषयीच्या पुस्तकाचा विषय निघाला होता. निवेदनाचा पत्ररूप घाट, स्त्रीच्या नजरेतून दिसणारे बाहेरचे जग, प्रबोधनकाळाची पार्श्वभूमी, असे नेहमीचे मुद्दे नेहमीच्या क्रमाने मांडून झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण त्या बोटीवर इतके दिवस जेवल्या काय?" वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. घरी परतताना मात्र ध्यानात आले, की त्या तासात विचारला गेलेला खरा ऐतिहासिक प्रश्न तेवढा एकच होता, आणि तोच मी हसण्यावारी नेला होता.

समुद्रोल्लंघनाच्या निषेधाविषयी आपण पुष्कळ वाचलेले असते. बौधायन धर्मसूत्रात पतनाला कारण होणाऱ्या कृत्यांत समुद्रप्रवासाची गणना आहे. पुढे कलिवर्ज्यांच्या यादीत तर समुद्र ओलांडून आलेल्या द्विजाला शुद्धीनंतरही समाजात घेऊ नये, असा कडक नियम आला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या वचनांची सविस्तर चर्चा केली आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील प्रत्यक्ष प्रसंग पाहू लागलो, की वचनांच्या आडून वेगळेच काही डोकावू लागते. आक्षेप समुद्राच्या पाण्यावर कमी आणि बोटीवरच्या पानावर अधिक होता. पंक्तीला कोण बसले, अन्न कोणी शिजवले आणि पाणी कोणाच्या हातचे घेतले, हे तीन प्रश्न जातीच्या पंचांना अधिक सतावत होते.

१८८८ साली मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा विलायतेला निघाला, तेव्हा मुंबईतील मोढ वाण्यांच्या पंचायतीने त्याला बोलावून घेतले. शेटजींचे म्हणणे सरळ होते. परदेशगमन धर्माला संमत नाही, शिवाय तेथे साहेबांबरोबर खाणेपिणे करावे लागते. मुलगा ऐकेना, तेव्हा त्याला वाळीत टाकण्यात आले, आणि जो कोणी त्याला मदत करील किंवा निरोप द्यायला धक्क्यावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरला. आईचे समाधान मात्र आधीच झाले होते. मद्य, मांस आणि परस्त्री यांना स्पर्श न करण्याची शपथ तिने एका जैन साधूच्या साक्षीने घेववली होती.

४ सप्टेंबर १८८८ रोजी 'क्लाइड' ही आगबोट मुंबईहून सुटली. तिच्यावरच्या भोजनगृहाची कल्पना यायची असेल, तर त्या काळच्या बोटीची व्यवस्था थोडी समजून घ्यायला हवी. पी. अँड ओ. कंपनी १८४० पासून पूर्वेकडच्या टपालाची आणि उतारूंची वाहतूक करीत होती. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबईहून इंग्लंडला बोट न बदलताही जाता येऊ लागले. शीतगृहाची सोय येण्यापूर्वी ताजे मांस मिळवण्याचा उपाय एकच होता, ते जिवंत नेणे. त्यामुळे डेकवर मेंढ्या, डुकरे, कोंबड्यांची खुराडी आणि दुधासाठी एखादी गाय असा संसारच थाटलेला असे. जेवणाचे तास ठरलेले, घंटा ठरलेली, टेबल ठरलेले. पहिल्या वर्गाला एक पदार्थसूची, दुसऱ्या वर्गाला दुसरी. निवड करण्याचा प्रश्न नव्हता. समोर येईल त्यातले खायचे किंवा सोडायचे. (१८४४ साली इंग्रज कादंबरीकार थॅकरे याच कंपनीच्या पाहुणचारावर भूमध्य समुद्रात फिरून आला आणि त्यावर त्याने पुस्तक लिहिले. फुकट प्रवास करून त्याचे वर्णन लिहिणारे आजचे लोक काही नवे करतात असे समजू नये.)

गांधींनी आत्मकथेत या टेबलाविषयी जे लिहिले आहे, ते मला त्या पुस्तकातील अत्यंत प्रामाणिक पानांपैकी एक वाटते. काटा-सुरी कशी धरावी ते ठाऊक नाही; कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धाडस नाही; इंग्रजी बोलायची लाज वाटते. म्हणून त्यांनी भोजनगृहात जाणेच टाळले, आणि घरून आणलेली मिठाई व फळे यांवर केबिनमध्येच गुजराण केली. केबिनमधले सोबती, जुनागढचे वकील मजमुदार, सर्वांत मिसळत होते आणि यांनाही आग्रह करीत होते. एका इंग्रज उतारूने प्रेमाने बजावले, की बिस्केच्या उपसागरात शिरलात की मांसावाचून निभावणार नाही. उपसागर आला आणि गेला. कोणीतरी सुचवले होते म्हणून गांधींनी त्याच इंग्रजाकडून 'याने मांस खाल्ले नाही' असे प्रमाणपत्र लिहून घेतले आणि काही काळ जपूनही ठेवले. पुढे मांस खाणाऱ्यालाही असे प्रमाणपत्र मिळू शकते हे कळल्यावर त्यातली गोडी गेली.

हे प्रमाणपत्र कोणासाठी होते, याचा विचार आपण करायला हवा. एका साहेबाची सही घेऊन ते जातीच्या पंचांपुढे ठेवायचे, असा हा विलक्षण दस्तऐवज. ज्याच्या पंक्तीला बसणे हाच दोष, त्याचीच साक्ष निर्दोषपणासाठी! वसाहतकाळातील मध्यमवर्गाच्या द्विधा मनःस्थितीवर आपण परिसंवाद भरवतो. ती सगळी द्विधा या एका कागदाच्या कपट्यात मावली आहे.

परतीच्या प्रवासातला तरुण मात्र निराळा आहे. जून १८९१ मध्ये 'ओशियाना' बोटीने निघून, एडनला 'आसाम' बोटीवर चढून ते मुंबईला आले. या प्रवासाची हकीकत त्यांनी लंडनच्या 'व्हेजिटेरियन' पत्रात पुढच्या वर्षी छापली. दुसऱ्या वर्गात दोघे शाकाहारी होते. काहीच न मिळाल्यास उकडलेले बटाटे, कोबी आणि लोण्यावर दिवस काढायची दोघांची तयारी होती. पण स्टुअर्डला विचारताच त्याने पहिल्या वर्गाच्या स्वयंपाकातून भाजीची करी, भात, ताजी व शिजवलेली फळे आणून दिली, शिवाय कोंड्यासकट पिठाचा पावही दिला. तीन वर्षांत घडलेला फरक एवढाच, की या वेळी त्यांनी तोंड उघडून विचारले. पुढे १८९३-९४ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी विलायतेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहायला घेतली. कपडे किती न्यावेत, कशाला किती पैसे पडतील, काय खावे आणि आठवड्याला एका पौंडात कसे भागवावे, असा सगळा हिशेब तीत आहे. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. संकलित वाङ्मयाच्या पहिल्या खंडात आज वाचता येते. आत्मकथा अभ्यासक्रमाला लावणाऱ्या आपण मंडळींनी ही मार्गदर्शिकाही शेजारी ठेवायला हरकत नाही. केबिनमध्ये लपून पेढे खाणारा मुलगा दुसऱ्यावर तशी पाळी येऊ नये म्हणून लिहू लागला, हे त्यातून स्पष्ट दिसते.

घरी आल्यावर काय झाले? थोरल्या भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले आणि राजकोटला पोहोचल्यावर जातभाईंना जेवण घातले. म्हणजे शेवटी निवाडाही पंक्तीतच झाला.

ऐपत असणाऱ्यांनी ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. राममोहन रॉय १८३० साली निघाले ते स्वतःचा स्वयंपाकी घेऊन, आणि आपल्या केबिनमध्येच जेवत. या प्रकाराचा कळस १९०२ साली जयपूरच्या सवाई माधोसिंग महाराजांनी गाठला. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी त्यांनी 'ऑलिम्पिया' नावाची अख्खी बोटच भाड्याने घेतली आणि चांदीच्या प्रचंड घागरींत गंगाजल भरून नेले. प्रत्येकी सुमारे चार हजार लिटर पाणी मावणाऱ्या यांतल्या दोन घागरी आज जयपूरच्या राजवाड्यात पाहायला मिळतात. पर्यटक त्यांच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढतात. त्या घागरी म्हणजे एका माणसाने बोटीवरच्या पाण्याला दिलेला नकार आहे, हे त्या छायाचित्रांत येत नाही.

आपल्याकडच्या दोन स्त्रियांना असली कोणतीच साधने नव्हती. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. त्यापूर्वी श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी बहिष्काराच्या भीतीला उत्तर दिले, ते आहार-पेहरावाचे: येथे जशी राहते तशीच तेथे राहणार, तर मला वाळीत कशासाठी टाकाल? अठराव्या वर्षात असलेल्या मुलीने पंचांना त्यांच्याच परिभाषेत पेचात पकडले होते. त्यांचे पती गोपाळराव यांनी पुढे ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी प्रतिष्ठितांना चहाच्या पेल्यापुढे बसवले आणि नावे वर्तमानपत्रातून बाहेर काढली. प्रायश्चित्तापर्यंत गेलेले ते प्रकरण सर्वज्ञात आहे. हे सगळे एका पेल्यासाठी, आणि तेही पुण्यात बसून. मग बोटीवरच्या महिन्याची काय कथा! रमाबाईंची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. त्यांनी सप्टेंबर १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण शाकाहार सोडला नाही. अंडे घातलेले गोड पदार्थही न खाण्यात सिस्टर जेराल्डिन यांना जातीचा उरलेला अभिमान दिसला. त्यावर रमाबाईंनी पत्रातून दिलेले उत्तर उपरोधाने धारदार झालेले आहे. धर्म बदलल्याने जीभ दुसऱ्याच्या ताब्यात जात नाही, हे त्यांना इंग्लंडमध्ये इंग्रजांनाच सांगावे लागले.

आतापर्यंत आपण टेबलापुढे बसलेल्यांविषयीच बोललो. वाढणारे कोण होते? पी. अँड ओ.च्या बोटींवर भोजनगृहाचे आणि स्वयंपाकघराचे काम बहुतांशी गोव्याच्या ख्रिस्ती लोकांकडे असे. गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही हाताळायला त्यांची हरकत नसे, हे त्याचे एक व्यवहारी कारण. डेकवरच्या खलाशांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ. त्यांचे अन्न वेगळ्या चुलीवर शिजे आणि ते शिजवणाऱ्याला भंडारी म्हणत. मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात गोव्याच्या गावागावांचे 'कुड' होते, तेथे हे लोक बोट मिळेपर्यंत राहत. म्हणजे ज्या ताटावर पुण्या-मुंबईत शास्त्रार्थ चालले, ते ताट पुष्कळदा आपल्याच किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात होते. आपल्या प्रवासवर्णनांतून तो माणूस 'बटलर' किंवा 'बॉय' एवढ्याच नावाने वावरतो.

आणि ज्यांना पंक्तीत जागाच नव्हती, त्यांचे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींचा आरंभच एका प्रवासाने केला आहे. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली भावंडे मसूर स्टेशनावर उतरली. बरोबर शिदोरी होती. पाणी द्यायला मात्र कोणी तयार नव्हते, आणि पाण्यावाचून ती मुले भरल्या डब्यासह उपाशी झोपली. हाच मुलगा १९१३ साली बोटीने अमेरिकेला गेला. परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी त्याच आठवणींत पुढे लिहिले आहे. १९१७ साली बडोद्याला उतरताच ती परत आली. बोटीवरच्या टेबलाला जात बुडवणारे टेबल म्हणणाऱ्यांचा इतिहास आपण शिकवतो. पाण्याचा पेला न विचारता पुढे ठेवणारे टेबल म्हणून त्याचा इतिहास अजून लिहायचा आहे. मॉरिशसला मजुरीसाठी गेलेल्या रत्नागिरी-सातारकडच्या माणसांनाही असाच इतिहास असणार. त्यांचा शिधा सरकारी नियमांनी बांधलेला होता, जेवण एकत्र होते आणि त्यांच्यासाठी कोणी शास्त्रार्थ केला नाही.

आजच्या पर्यटनबोटींवर निवडीचा सुकाळ आहे. त्याची सुरुवात १९०५ साली 'अमेरिका' या जर्मन बोटीवर झाली. तिथे ठरलेल्या जेवणाऐवजी स्वतंत्र पैसे देऊन हवे ते मागवता येईल असे उपाहारगृह निघाले. आता मुख्य भोजनगृह आणि हाताने वाढून घ्यायचे जेवण भाड्यात, खास उपाहारगृहे आणि मद्य वेगळ्या पैशांत, अशी सर्वसाधारण रीत आहे. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर जैन जेवणही मिळते. फक्त आरक्षण करतानाच तसे कळवलेले बरे. आमच्या एका सहकाऱ्यांनी गेल्या दिवाळीत गोव्याची सफर केली. परतल्यावर शिक्षककक्षात त्यांनी पदार्थांची नावे सांगितली, ती संपेपर्यंत तास भरल्याची घंटा झाली. वाढणारे कुठले होते, असे मी विचारले. त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिले.

यंदा रमाबाईंचे पुस्तक पुन्हा शिकवायचे आहे. त्या विद्यार्थिनीचे एम.ए. झाले, ती आता रत्नागिरीला शिकवते. तिच्या प्रश्नाने तासाची सुरुवात करायची, एवढे ठरवले आहे.