तापीत जहाज कशाला?

पाणी आयते आहे, रस्ता बांधावा लागत नाही, इंधन थोडे लागते. मग माल नदीतून का नेऊ नये? जलवाहतुकीचा हा युक्तिवाद आता जवळपास सर्वमान्य आहे. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले. त्यांत नर्मदेचा क्रमांक ७३, तापीचा १००. दोन्ही नद्या नंदुरबार जिल्ह्याच्या, तेव्हा परीक्षा इथेच घेऊ.

समर्थकांचे आवडते आकडे असे : एका लिटर इंधनात एक टन माल रस्त्याने २४ किलोमीटर जातो, रेल्वेने ८५ आणि पाण्यातून १०५. भाषणात पहिला आणि शेवटचा आकडा ऐकू येतो, मधला गिळला जातो. तापीखोऱ्यात मोल आहे ते नेमके त्या मधल्याला. उधना–जळगाव लोहमार्ग तापीच्या सोबतीने नंदुरबारवरून जातो आणि दुहेरीकरण-विद्युतीकरणानंतर २०१९ मध्ये त्याचे लोकार्पणही झाले. म्हणजे इथे जहाजाची बरोबरी ट्रकशी नाही, विजेवर धावणाऱ्या मालगाडीशी आहे. एवढ्याशा फायद्यासाठी सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा ही बॅरेजेस आणि पुढे उकाई धरणाची भिंत ओलांडायची. प्रत्येक ठिकाणी माल उतरवून पुन्हा चढवा, नाहीतर जहाज वर-खाली नेणारे दरवाजे बांधा. पाणी उथळ असेल तिथे तळ उकरा. तळाच्या वाळू-गोट्यांत मासे अंडी घालतात, त्यांचे खाद्यही तिथेच असते. ते उकरून काढायचे आणि वर याला हरित वाहतूक म्हणायचे!

यावर दुसरा आक्षेप येतो : धरणांनी नदी मेलीच आहे, जहाजाने आणखी काय बिघडणार? मेली म्हणणाऱ्यांनी नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या काठी विस्थापित आदिवासींच्या मच्छीमार संस्थांकडे चौकशी करावी. शिवाय आटलेल्या नदीला सूट मिळत नाही, उलट उपद्रव वाढतो. गंगेतील डॉल्फिनवरचा २०१९ चा अभ्यास हेच सांगतो : पाणी उथळ असले की जहाजांच्या आवाजाचा ताण त्यांना अधिक सोसावा लागतो. तापीत डॉल्फिन नाहीत, पण उथळ पाणी आहेच.

म्हणून नदीत होडीच नको, असे म्हणणेही चूक ठरेल. अक्राणी-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठी आजारी माणूस बांबूच्या झोळीतून डोंगर चढतो. तिथे तरंगता दवाखाना आणि होडी हाच रस्ता. मात्र सरदार सरोवराची पातळी १३८.६८ मीटरपासून ११०.६४ मीटरपर्यंत खाली जाऊ शकते, म्हणजे २८ मीटरचा फरक. काठावरचा पक्का धक्का तिथे काय कामाचा? पाण्याबरोबर चढ-उतार करणारा तरंगता धक्का हवा. २०१९ च्या संक्रांतीला भुषा येथे भाविकांची बोट उलटून माणसे बुडाली, त्यानंतर तरी क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरणे थांबायला हवे होते. कोचीत २०२३ पासून विजेवरच्या प्रवासी बोटी चालतात. तशा लहान, संथ बोटी नर्मदेला डिझेलच्या तवंगापासूनही वाचवतील.

तापीला जलमार्गांच्या यादीतून वगळावे, तिच्या खोऱ्यातला माल रेल्वेने न्यावा, आणि जलवाहतुकीचा पैसा मणिबेलीपासून भुषापर्यंतच्या होड्यांवर, धक्क्यांवर आणि जीवरक्षक जॅकेटांवर खर्च करावा.